जोडबस गर्दीच्या रस्त्यावर: तुमचे अनुभव लिहा

दोन डबे रबरी भात्याने जोडलेली १८ मीटरची बस शहरात असावी का? जिथे बसलात तिथलं लिहा. चढणं-उतरणं, वळण, सिग्नल, सगळं चालेल.

लंडन: मी ३८ नंबरच्या जोडबसने कामावर जायचे. तीन दारं, बाबागाडी मधल्या दाराने थेट आत. बसायला ४९ जागा, उभे धरून सुमारे १४० माणसं. कार्ड ड्रायव्हरसमोर नाही, दाराजवळच्या यंत्राला लावायचं; बरेच जण लावायचेच नाहीत, म्हणून तिला 'फुकट बस' म्हणत! पण स्टॉपवरची गर्दी बघता बघता आत जायची. बोरिस जॉन्सन यांनी २००८च्या महापौर निवडणुकीत या बस बंद करायचं आश्वासन दिलं, डिसेंबर २०११मध्ये शेवटचीही गेली. मला तरी वाईट वाटलं.

लंडनच, पण सायकलवाला: ताई, तुम्ही आत होतात, मी बाहेर. बस डावीकडे वळताना पुढचा डबा गेला की वाटतं सुटलो, तेवढ्यात मागचा डबा फुटपाथच्या बाजूला सरकत येतो. चौकात अडकली की शेपूट आडवी. आपला सिग्नल हिरवा होऊन उपयोग काय?

इस्तंबूल: इथली मेट्रोबस २००७पासून महामार्गाच्या मधोमध स्वतःच्या लेनमधून धावते. फलाट मधे, दारं उजवीकडे, म्हणून त्या लेनमध्ये बस आपल्यासारख्या डावीकडून चालतात. बाकी सगळा देश उजवीकडून. शेजारी मोटारी तुंबलेल्या, आम्ही सुसाट. बॉस्फोरसच्या पुलावर मात्र वेगळी लेन नाही, मोटारींच्या रांगेत घुसावं लागतं आणि सगळा तोरा उतरतो. गर्दी? विरार लोकल परवडली.

मुंबई: आमचे बाबा जुन्या ट्रेलर बसचं सांगतात. ड्रायव्हरची केबिन वेगळी, मागे दुमजली डबा. सगळी भिस्त कंडक्टरच्या घंटीवर.

बंगळुरू: व्हेस्टिब्यूल बसमध्ये (जोडबसला इथे असं म्हणतात) सांध्यावर उभं राहू नका, वळणावर पायाखालची तबकडी फिरते. उजवीकडे वळताना डाव्या आरशातून मागचा डबा गायब होतो, आणि रिक्षावाले नेमके त्याच बाजूने नाक खुपसतात. वेगळी लेन नसेल तर मला ही बस नको.