डावखुरेपणा: जन्मतःच येतो की वळणाने ठरतो?

दांडियाबाजारकर
बहिणीचा मुलगा डावरा आहे. पहिलीत गेलाय. लिहिताना तळहाताची कड ओळीवरून घासत जाते आणि शिसपेन्सिलीने काळी होते. आजीचा हट्ट, आत्ताच हात बदला. मी म्हणतो, अजिबात नको. इरफान पठाण डावखुरा, युसूफ उजवा. कृणाल पंड्या डावखुरा, हार्दिक उजवा. चौघे आपल्या बडोद्याचेच. एकाच घरात वाढून भावाभावांचे हात वेगळे, मग वळणाने ठरतं कसं म्हणायचं?

रावपुऱ्याचे काका
क्रिकेट कशाला मध्ये आणता? तेंडुलकर बॅटिंग उजव्याने करतो, सही डाव्याने. हाताला शिकवाल तसा तो शिकतो. आमच्या वेळी बोटांवर पट्टी बसली की सगळे मुकाट उजव्याने लिहायचे. कुणाचं अडलं?

सूरसागर
काका, बॅट दोन्ही हातांनी धरतात. आणि पट्टी खाल्लेले तुमचे मित्र दगड कुठल्या हाताने मारायचे? मानसशास्त्रज्ञ पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत अंगठा चोखणारे गर्भ पाहिले, मग त्यांतल्या ७५ जणांना दहा-बारा वर्षांचे झाल्यावर तपासलं. उजवा अंगठा चोखणारे ६० च्या ६० उजवे निघाले. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावरे. पोटात पट्टी घेऊन कोण गेलं होतं?

रावपुऱ्याचे काका
आणि उरलेले ५? जगाने वळवलेच ना!

जीवशास्त्रवाली
काका म्हणतात तसं असूही शकेल, पण पठाण-पंड्यांवरूनही काही सिद्ध होत नाही. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा साधारण पाचांतल्या एका जोडीचे हात वेगळे असतात, आणि त्यांची जनुकं तर तीच! आईबाप दोघे डावरे असले तरी चारांतलं एखादंच मूल डावरं होतं. ब्रिटनमधल्या सुमारे ४ लाख लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात डावखुरेपणाशी जोडलेले जनुकांचे काही भाग सापडले. त्यांतले काही पेशीच्या आतल्या सांगाड्याशी संबंधित आहेत, पण एकेकाचा वाटा इवलासा. मेंदू घडताना बराचसा नुसता योगायोग असतो. डावरेपणा म्हणजे पोराचा हट्टीपणा नाही.

रावपुऱ्याचे काका
लिहू दे बापडा डाव्याने. पण प्रसाद उजव्याच हातात घ्यायचा, त्यात तडजोड नाही.

दांडियाबाजारकर
प्रसादाचं आजी बघून घेईल. त्याची खरी पंचाईत कात्रीची आहे. साधी कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकी कापायची रेघ झाकतं, आणि शाळेत बाई म्हणतात वेंधळा आहे. डावऱ्यांची कात्री मंगळबाजारात मिळते का कुठे?