मदत हवी आहे: दिवंगत वडिलांच्या नावावरील स्कूटर आणि नवी नंबरप्लेट

नमस्कार. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाल्याची बातमी मी वाचली होती, पण मुदतवाढ मिळणारच अशा खात्रीने ती बाजूला सारली. आणि मुदतवाढ खरोखरच पुन्हा पुन्हा मिळत गेल्याने माझ्या आळसाला बळच मिळाले.

आता खरी अडचण कळली आहे. २०१४ सालची ही स्कूटर वडिलांच्या नावावर असून त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. मृत्यूची माहिती ३० दिवसांत आणि हस्तांतरणाचा नमुना ३१ मधील अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो, हे त्या दिवसांत कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. शिवाय नोंदणीला जोडलेला त्यांचा मोबाइल क्रमांक आम्हीच बंद केल्यामुळे ऑनलाइन अर्जाचे घोडे ओटीपीपाशीच अडते.

तो क्रमांक वारसाला कोणत्या कागदपत्रांवर बदलून मिळतो? आई आणि बहिणीची संमती साध्या कागदावर चालते, की प्रतिज्ञापत्रच लागते? उशिराचा दंड साधारण किती होतो? आधी वडिलांच्याच नावावर प्लेट बसवून हस्तांतरण नंतर केले, तर पुढे काही अडते का?

सध्याची पाटी वडिलांनी नाक्यावरच्या पेंटरकडून रंगवून घेतलेली आहे, कोपऱ्यात बारीक ‘श्री’ काढलेली. ती उतरवल्यावर परत मिळते का, तेही कोणी अनुभवावरून सांगितल्यास आभारी राहीन.