मामांच्या गोदामात चार जुन्या गाड्या सापडल्या. आधी काय करू?

धागाकर्ता: मंडळी, मामा गेल्यावर त्यांचं गोदाम उघडलं, तर ताडपत्रीखाली चार जुन्या गाड्या! वीसेक वर्षं कुणी हात लावलेला नाही. एकीच्या बॉनेटखाली उंदरांनी घर केलंय. धाकटा भाऊ म्हणतो, धुऊन काढू, बॅटरी जोडू, स्टार्टर मारू. कसंबसं थोपवलंय त्याला.

पानाबहाद्दर: भावाला बॅटरीपासून लांब ठेवा. इतकी वर्षं बंद इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. स्टार्टर मारलात की रिंग तुटते, नाहीतर आत ओरखडे. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडा, चार दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवणाऱ्या दांड्याच्या, नटाला पाना लावून हातानं हळू फिरवा. अडलं तर थांबा, पुन्हा तेल. टाकीतलं पेट्रोल एव्हाना चिकट झालं असेल, झाकण उघडलंत की वासावरूनच कळेल. आणि उंदरांनी वायरी सोललेल्या असल्या तर बॅटरी जोडताच ठिणगी.

धूळभक्त: धुऊ तर मुळीच नका! फ्रान्समधल्या बायों संग्रहातली फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर मासिकांच्या ढिगाखाली सापडली होती. 2015 च्या पॅरिस लिलावात ती धुळीसकट मांडली आणि 1.6 कोटी युरोंच्या वर गेली.

शंकेखोर: अहो, विकली गेली ती फेरारी, धूळ नव्हे. शिवाय ती एकेकाळी फ्रेंच अभिनेता आलाँ देलोंकडे होती. त्याच संग्रहातल्या कित्येक गाड्यांचे नुसते सांगाडे उरले होते, ते कुणी सांगत नाही. तुमच्या गाड्या नेमक्या कोणत्या, ते आधी बघा. चासी नंबर, इंजिन नंबर उतरवून घ्या आणि कागदांशी ताडून पाहा. कागद म्हणजे फक्त नोंदणी नव्हे. गॅरेजच्या पावत्या, जुने फोटो, सगळं. काहीही हलवण्याआधी तुम्हीही भरपूर फोटो काढा.

धागाकर्ता: एकीच्या सीटखाली वही मिळाली! प्रत्येक ऑइल बदल मामांच्या बारीक अक्षरात, तारखेसकट. भाऊ आता तीच वाचत बसलाय. पण गाडी ढकलायला गेलो तर मागची चाकं फिरतच नाहीत.

पानाबहाद्दर: हँडब्रेक ओढलेला असेल, सोडून बघा. तरी नाही तर ब्रेकचे शू, म्हणजे आतले घासणारे पट्टे, चाकाच्या ड्रमला गंजून चिकटलेत. दोर बांधून ओढू नका. जॅक लावा, खाली घोडी (भक्कम टेकू) द्या, ब्रेकचा ॲडजस्टर सैल करा आणि ड्रमवर लाकडी हातोड्यानं गोल फिरत टकटक करा. सुटतात. वहीचे फोटो टाका मात्र.