मदत हवी: फिलिपिन्सला गोलानमध्ये थांबवायचं कसं? (मॉडेल यूएन)

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात कॉलेजात मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची विद्यार्थ्यांनी केलेली नक्कल) आहे. प्रसंग दिलाय जून २०१३ चा, गोलान टेकड्यांवरच्या 'अनडॉफ' शांतिसेनेचा. मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना विभागाकडून बोलणार, समोर फिलिपिन्स. त्यांनी सैन्य परत नेऊ नये म्हणून आठ मिनिटांत त्यांचं मन वळवायचंय.

१९७४ पासून इस्रायल आणि सीरियाच्या मधल्या पट्ट्यात ही सेना आहे. काम निरीक्षणाचं, म्हणून शस्त्रं हलकी. सीरियातलं यादवी युद्ध त्या पट्ट्यात शिरलं आणि गणितच बिघडलं. मार्चमध्ये बंडखोरांनी २१ फिलिपिनो सैनिक धरले, मे महिन्यात आणखी ४. सगळे सुखरूप सुटले, पण मनिलात परराष्ट्रमंत्री देल रोसारिओ 'माघारी आणा' म्हणू लागले. ६ जूनला कुनैत्रा नाक्यावर लढाई पेटली आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने अंग काढून घेतलं. हजारभराच्या सेनेत त्यांचेच पावणेचारशेच्या आसपास! जपान, क्रोएशिया आधीच गेलेले. फिलिपिन्सचे तीनशेच्या वर आहेत, तेही गेले तर मागे उरते ती मुख्यतः भारताची तुकडी, आणि ती रसदीची. (सेनापतीही तेव्हा आपलेच, इक्बाल सिंग सिंघा.)

माझ्या जोडीदाराने भाषणाच्या मसुद्यात १९८८ चं शांतिसेनेला मिळालेलं नोबेल घातलंय. मला ते पटत नाही. ज्यांची पोरं नुकतीच ओलिसातून सुटलीत, त्यांना नोबेलचं कौतुक काय सांगायचं? संयुक्त राष्ट्रांकडून देशाला सैनिकामागे मिळणाऱ्या पैशाचा विषय काढला तर अपमान वाटेल. 'तुम्ही नाही तर दुसरे येतील' असंही म्हणता येत नाही: रशिया तयार होता, पण १९७४ च्या कराराप्रमाणे सुरक्षा परिषदेचे स्थायी सदस्य तिथे चालत नाहीत.

मग जोर कशावर द्यायचा? जाणकारांनी सांगावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

नोबेल काढून टाक. मनिलाला दोनच गोष्टी ऐकायच्या असतील: ऑस्ट्रियाची जागा कोण घेणार, आणि पुन्हा वेढा पडला तर आमच्या पोरांच्या हातात काय असेल? पहिल्याचं उत्तर फिजी. त्यांनी पाचशेच्या आसपास माणसं पाठवली. दुसऱ्यासाठी सुरक्षा परिषदेचा २७ जूनचा ठराव २१०८ वाच. सेनेची मुदत सहा महिने वाढवताना तिची स्वसंरक्षणाची ताकद वाढवायलाही सांगितलंय. तुझ्या सत्राची तारीख त्याआधीची असेल तर 'ठराव झाला' म्हणू नकोस, 'ठरावाच्या मसुद्यात घालून घेतो' म्हण. प्रत्यक्षातही फिलिपिन्स थांबलं ते अटी घालूनच.

मूळ लेखिका

काका, हे झकास! पण समोरची मुलगी पक्की आहे. 'चिलखती गाड्या देतो' म्हटलं की 'कुठून?' विचारणार.

प्रतिसाद १

विचारू दे. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं शस्त्रागार नाही. सामान बहुतेक वेळा सैन्य पाठवणारा देशच आणतो आणि त्याचा परतावा घेतो. तेव्हा 'देतो' हा शब्दच टाळ. 'तुम्ही जास्त सामान आणा, त्याचा खर्च आम्ही मान्य करू, आणि त्या पट्ट्यात ते आणायला इस्रायल-सीरियाची हरकत येणार नाही हे आम्ही बघू' असं बोल. मधला खर्चाचा भाग आधी आमसभेच्या अर्थसंकल्प समितीवाल्या मुलांशी बोलून ठेव, नाहीतर ऐन भाषणात तेच हात वर करतील.