इस्रायलच्या १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला घटनेचा दर्जा द्यायला हवा का?

वाचक_७७: १४ मे १९४८ च्या जाहीरनाम्यात धर्म, वंश, लिंग न बघता सगळ्यांना समान हक्क असं स्वच्छ लिहिलंय, १ ऑक्टोबरपर्यंत घटना करू असंही, पण एकसंध लेखी घटना आजतागायत झालीच नाही. मग जाहीरनामाच बंधनकारक का करत नाहीत?

कायदाकट्टा: कोर्टाने १९४८ मध्येच सांगितलं की ही घटना नाही. नंतर १९९४ ला मूलभूत कायद्यांत (तिथे घटनेच्या जागी असलेले कायदे) 'जाहीरनाम्याच्या तत्त्वांच्या भावनेने' असं घातलं, म्हणजे अर्थ लावायला आधार मिळाला, थेट कायदा रद्द करायला नाही. इस्रायल हे ज्यू लोकांचं राष्ट्र-राज्य म्हणणाऱ्या २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्यात तर समानता हा शब्दच नाही, मला हे फार खटकतं.

रेवदंडा: आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यू लोकांनाच बघा ना, तिथे गेल्यावर रब्बी लोकांनी (ज्यू धर्मगुरूंनी) त्यांच्या लग्नांवर शंका घेतली, आंदोलन करावं लागलं तेव्हा कुठे १९६४ ला संसदेने बाजू घेतली. समानता कागदावर होतीच की! म्हणून मी म्हणतो द्या दर्जा.

वाचक_७७: हे माहीतच नव्हतं. पण भाषणासारखा मजकूर, शब्दाशब्दाचा अर्थ न्यायाधीशच ठरवणार ना?

कायदाकट्टा: हो, म्हणून सगळा नको, फक्त समानतेचा परिच्छेद मूलभूत कायद्यात घ्यावा.