कोर्दोबाला अर्धा दिवस पुरेल का? आणि मशिदीत चर्च कसं?

भटकी_पावलं: मे महिन्यात माद्रिदहून सेव्हियाला ट्रेनने जाताना मध्ये कोर्दोबाला उतरायचा विचार चाललाय, चार-पाच तास मिळतील, तेवढ्यात मेस्किता, म्हणजे तिथली जुनी मोठी मशीद, नीट बघून होते का? आणि फोटोत लाल-पांढऱ्या कमानींच्या मधोमध चक्क चर्च दिसतंय, ते काय प्रकरण आहे?

दगडविटा: घाईत नको बघूस रे. तिथला मुस्लिम अमीर पहिल्या अब्द अल-रहमानने साधारण ७८५ला बांधायला घेतली तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक (रोमनांनंतर तिथे राज्य केलेल्या लोकांच्या) इमारतींचे खांब आणून वापरले, पण ते पडले बुटके आणि छत तर उंच हवं, म्हणून खांबावर आणखी एक दगडी खांब चढवून एकावर एक अशा दोन कमानी घातल्या, खालची नुसती दोन खांबांना धरून ठेवते आणि छताचं वजन वरची घेते. लाल दिसते ती वीट, पांढरा तो दगड, जुन्या भागात तरी रंग दिलेला नाही! असे ८५०च्या वर खांब आहेत, दोन-चार जवळून बघ, रंग आणि वरची नक्षी वेगवेगळी सापडेल. मिहराबची (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची) सोनेरी मोझेक नंतरच्या खलिफा दुसऱ्या हकमच्या काळातली, त्याचे तुकडे बायझंटाइन सम्राटाने पाठवले होते.

जुनं_ते_सोनं: चर्चचं सांगतो. १२३६ला कास्तीलचा ख्रिश्चन राजा फर्नांडो तिसऱ्याने शहर जिंकलं आणि मशिदीचं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) झालं, तरी जवळजवळ तीनशे वर्षं फार तोडफोड नव्हती. १५२३ला मधला भाग पाडून मोठं चर्च उभारायला घेतलं तेव्हा शहराच्या कौन्सिलने कडाडून विरोध केला, पाडायला हात लावेल त्या कामगाराला मृत्युदंड म्हणून जाहीर केलं, पण राजा पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. मला अजून ते बघून वाईट वाटतं.

दगडविटा: वाईट मलाही वाटतं, पण कॅथेड्रल म्हणून रोज वापरात राहिली म्हणूनच ती आज उभी आहे असं माझं मत. सेव्हियाची मोठी मशीद पाडलीच ना, मिनार आणि अंगण तेवढं उरलं.

अंगणातली_तुळस: मेमध्ये जातेयस तर एक रात्र राहाच गं! तेव्हा पातिओंचा उत्सव असतो, लोक आपल्या घरातली अंगणं सगळ्यांना उघडी करतात, आपल्या वाड्यातल्या चौकासारखीच पण भिंतभर कुंड्या, २०१२पासून युनेस्कोच्या यादीत आहे. गर्दी खूप असते, हॉटेल आत्ताच बघ.

भटकी_पावलं: ठरलं, सेव्हियातली एक रात्र कमी करते. मेस्किताला सकाळी उघडल्या उघडल्या जाईन, पातिओ दुपारनंतर.