ज्येष्ठांच्या सेवांसाठी ग्रामपंचायतीचा निधी: कोणता खर्च बसतो आणि कोणता नाही?

प्रश्न: ग्रामपंचायत सदस्य, खानापूर तालुका (जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावातील अनेक घरांतील कर्ती माणसे गलाईच्या (सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) व्यवसायासाठी परराज्यांत राहतात, त्यामुळे मागे उरलेल्या ज्येष्ठांकडे पाहायला घरात कोणी नसते. ग्रामपंचायतीच्या यंदाच्या विकास आराखड्यासाठी मी तीन गोष्टी सुचवल्या: मानधन देऊन खासगी डॉक्टरांकडून दर आठवड्याला तपासणी, एकट्या राहणाऱ्यांना दुपारचा डबा आणि समाजमंदिरात विरंगुळा केंद्र. ग्रामसभेत कोणीही विरोध केला नाही. तथापि केंद्राकडून मिळणाऱ्या 15व्या वित्त आयोगाच्या निधीतून हा खर्च केल्यास लेखापरीक्षणात आक्षेप निघेल आणि रक्कम वसूलपात्र ठरेल, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. नेमका नियम काय आहे?

उत्तर: निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत), सातारा

आपला हेतू चांगला आहे, पण तिन्ही गोष्टींचा विचार वेगवेगळा करावा लागेल. 2021-22 ते 2025-26 या काळासाठीच्या 15व्या वित्त आयोगाच्या अनुदानातील 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच, आहे. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आहे. उरलेला 40 टक्के अबंधित निधी घटनेच्या 11व्या अनुसूचीतील 29 विषयांपैकी गावाच्या गरजेनुसार वापरता येतो आणि आरोग्य, समाजकल्याण व दुर्बल घटकांचे कल्याण हे विषय त्या अनुसूचीत आहेत. म्हणजे ज्येष्ठांसाठी खर्चच करता येत नाही, हे म्हणणे बरोबर नाही. मात्र पगार आणि आस्थापनेवरचा (कार्यालय व कर्मचाऱ्यांवरचा) खर्च या निधीतून करता येत नाही. डॉक्टरांचे दरमहाचे मानधन किंवा स्वयंपाकिणीचा पगार आराखड्यात घातलात, तर आक्षेप याच मुद्द्यावर येईल.

विरंगुळा केंद्र सर्वांत सोपे आहे. खोलीची दुरुस्ती, बैठकीची सोय, उतरती वाट, हाताला धरायचा कठडा ही कामे आराखड्यात समाविष्ट करून, ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या शासकीय संकेतस्थळावर नोंदवून आणि रीतसर मान्यता घेऊन करावीत.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील (घरपट्टी, पाणीपट्टी इत्यादींतील) 5 टक्के दिव्यांगांसाठीचा निधी सरसकट ज्येष्ठांसाठी वळवण्याचा मोह होतो, तो टाळावा. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ज्येष्ठाला त्याचा लाभ देता येईल, केवळ वयाच्या आधारे नाही.

उत्तर: ज्येष्ठ नागरिक संघाचा कार्यकर्ता, कराड

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तपासणीबाबत मात्र एक गोष्ट जोडतो, कारण माझ्या मते मूळ प्रश्न तिथेच आहे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमानुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांसाठी स्वतंत्र तपासणी होणे अपेक्षित आहे, आणि 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांची वेगळी रांग ठेवण्याची तरतूद आहे. जे काम आरोग्य विभागाने करायचे आहे, त्यासाठी ग्रामपंचायतीने खासगी डॉक्टर नेमला, तर विभागावरची जबाबदारी हलकी होते आणि गावाचा पैसा मात्र दर महिन्याला जातो. गावाचा निधी शासनाच्या सेवेला पूरक असावा, तिच्या जागी उभा राहू नये. म्हणून आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी आणि त्या दिवशी ज्येष्ठांना केंद्रापर्यंत नेण्या-आणण्याची सोय गावाने पाहावी.

दुसरे म्हणजे गावातील प्रत्येक ज्येष्ठाला कोणती योजना लागू आहे आणि कोणती प्रत्यक्ष मिळते, याची नोंद करून घ्यावी. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरील, 21 हजार रुपयांपर्यंत कौटुंबिक वार्षिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीला दरमहा 1500 रुपये मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसारख्या साधनांसाठी एकदाच 3000 रुपये थेट खात्यात जमा होतात. 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारतखाली कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. ज्याला योजनेतून चष्मा मिळू शकतो, त्याला ग्रामनिधीतून चष्मा देणे हा दुबार खर्च होय. आमच्या भागात पात्र माणसांचे अर्जच गेलेले नव्हते, हे पाहून मला फार वाईट वाटले.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तपासणीचा प्रस्ताव मी मागे घेतो आणि आरोग्य केंद्राला पत्र देतो. डब्याचे काय करावे? परराज्यांतील गलाई व्यावसायिक देणगी द्यायला तयार आहेत.

उत्तर: निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत), सातारा

डबा देणगीतूनच चालवावा. हिशेब ज्येष्ठ नागरिक संघाने किंवा महिला बचत गटाने स्वतंत्र खात्यात ठेवावा आणि प्रत्येक देणगीची पावती द्यावी. भांडी व शेगडीचा एकवेळचा खर्च ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून करायचा असेल, तर 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठीचा राखीव खर्च आधी पूर्ण झालेला असावा. त्यानंतर अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष ठेवून ग्रामसभेचा ठराव घ्यावा. ठरावात लाभार्थी कसे निवडणार, हे स्पष्ट लिहा. पुढे वाद झालाच, तर तो बहुधा नावांवरूनच होतो.